सहाशे फेऱ्यांचं एक युनिट

या महिन्याच्या विजेच्या बिलावर आमच्या मीटरचा फोटो छापून आला. फोटो कसला, काळोखात एक पांढरट चौकोन आणि त्यावर काढणाऱ्याच्या अंगठ्याची सावली. शेजारी चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि माझा लाडका शब्द, ‘गुणक अवयव’. घरगुती बिलावर हा अवयव १ असतो. म्हणजे वजाबाकी करायची आणि आलेल्या युनिटांना इमानेइतबारे एकाने गुणायचं. शाळेत असताना मला तो मीटरच्या पोटातला काहीतरी भाग वाटायचा, यकृतासारखा.

तर आकडा पटेना म्हणून स्वतःच मीटर बघायला गेलो. हल्लीच्या मीटरपुढे ताटकळावं लागतं. आधी तारीख दाखवतो, मग वेळ, मग व्होल्टेज, मग आणखी कसले कसले आकडे, आणि हवं ते रीडिंग येतं तेव्हा नेमकी आपली नजर चष्मा पुसण्यात असते. खाली बारकासा लाल दिवा लुकलुकत असतो. आमच्या मीटरवर ३२०० लुकलुकींचं एक युनिट असं लिहिलंय. हजार वॉटची इस्त्री लावली की सेकंदाला जवळजवळ एक. पण लुकलुक मोजत उभं राहावं असं काही त्यात नाही.

पाण्याचं मीटर फाटकाशी, खड्ड्यात. झाकण उचललं की आधी झुरळं आणि मग मीटर. काळे आकडे घनमीटरचे, त्यातला एक पुढे सरकला की १००० लिटर पाणी आलं असं समजायचं. त्याखालचा हिशेब लाल काट्यांकडे. मधोमध एक चिमुकली चांदणी असते. थेंबथेंब पाणी गेलं तरी ती हलते. सकाळी नळाला आधी वारा येतो आणि मग पाणी. त्या वाऱ्यानेही चांदणी भिरभिरते आणि काटे पुढे जातात. त्या वाऱ्याचे पैसे मी भरतो. तक्रार केली होती. “साहेब, सगळ्यांकडेच येतो,” एवढं उत्तर मिळालं.

मागच्या पावसाळ्यात टाकी भरून गेल्यावरही ती चांदणी सावकाश फिरताना दिसली. बॉलकॉक नीट बसत नव्हता, जादा पाणी गुपचूप गटारात चाललं होतं. प्लंबर म्हणाला, तुम्हाला कसं कळलं? सगळं बंद असताना फिरणारं मीटर मी आधी पाहिलेलं होतं.

आम्ही तेव्हा कसब्यातल्या एका वाड्यात भाड्याने राहायचो. जिन्याखाली लाकडी फळीवर सगळ्या बिऱ्हाडांची मीटरं ओळीने, काळ्या डब्यांची, काचेच्या खिडकीची, शिशाचं सील लावलेली. खिडकीतून ॲल्युमिनियमची चकती आडवी फिरताना दिसायची. कडेला काळी खूण, तेवढ्यावरून फेरा मोजायचा. आमच्या मीटरवर ६०० फेऱ्यांना एक युनिट असं कोरलेलं होतं. म्हणजे नुसता ६० चा बल्ब लावला तर चकतीला एका फेऱ्याला १०० सेकंद लागायचे, आणि इस्त्री लावली की ६. रविवारी आई वर इस्त्री करायला बसली की मी जिन्याखाली उभा राहून ओरडायचो, “आई, कॉलर झाली?” कारण इस्त्री तापून आपोआप बंद झाली की चकती मंदावायची. वर कोण काय करतंय ते मला खाली कळायचं. असली सत्ता आयुष्यात पुन्हा मिळाली नाही.

अण्णा दर रविवारी रीडिंग घेऊन कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचे, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. एडिसनच्या काळी अमेरिकेत मीटर म्हणजे बरणीतले जस्ताचे पत्रे असायचे आणि कंपनीची माणसं ते नेऊन तोलायची, त्या वजनावर बिल निघायचं. हे अण्णांनीच सांगितलेलं. “वाण्यासारखी वीज तोलायचे,” असं म्हणताना त्यांना फार बरं वाटायचं. रीडिंगवाला आला की हे वही घेऊन त्याच्याशी ताळा करायला तयार. तो बिचारा पुढच्या वाड्यात पळायला बघायचा.

एका मे महिन्यात गावाला निघायच्या आदल्या रात्री अण्णांनी मेन स्विच पाडला आणि खाली जाऊन पाहिलं, तर चकती फिरतेय. सावकाश, पण फिरतेय. मी म्हटलं, सवयीने फिरत असेल. ते म्हणाले, बिनलोडची चकती एखादा फेरा रेंगाळेल. तिला भोकं पाडलेली असतात ती त्यासाठीच, की पुढे अडावं. ही अडत नव्हती. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. एक फेरा, अडीच मिनिटं. दुसरा फेरा, अडीच मिनिटं. भिंतीवर बोटाने भागाकार केला आणि जाहीर केलं, “४० चा बल्ब आहे. कुठेतरी आपल्या मीटरवर ४० चा बल्ब जळतोय.”

आम्ही शोधायला लागलो. वर अंधारात आई कंदील धरून बसली होती. न्हाणीघर पाहिलं, माळा पाहिला, शेजारच्यांच्या वायरींकडे संशयाने पाहिलं. पाऊण तासाने आई जिन्याच्या तोंडाशी आली आणि म्हणाली, “अहो, तुम्ही घड्याळ कशाच्या उजेडात बघताय?”

अण्णांनी वर पाहिलं. जिन्यातला दिवा. तो मालकांचा, असं आम्हीच काय, सगळा वाडा धरून चालला होता.

मला वाटलं, आता मालकांकडे जाणार, वही दाखवणार. ते बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिले. मालकांना सांगितलं तर ते वायर काढतील, आणि नवीन जोडतीलच असं नाही; आणि त्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर धडधाकट माणूससुद्धा ठेचकाळायचा. गावाहून आल्यावर त्यांनी वायरमनकडून त्या दिव्याचं बटण आमच्या दाराशी घेतलं. दिवेलागणीला लावायचा, रात्री बाराला बंद. रोज पाच तास, महिन्याला ६ युनिटं. कालनिर्णयवर दर महिनाअखेर एक नवीन नोंद यायला लागली: ‘जिना ६’.

सात वर्षांनी वाडा सोडला. अण्णांनी शेवटचं रीडिंग लिहून दिलं आणि नव्या भाडेकरूंना खोली दाखवली. नळ कधी येतो, मोरीचं पाणी कुठे तुंबतं, सगळं सांगितलं. मग दाराशी थांबले.

“हे बटण जिन्याचं,” ते म्हणाले. “सातला लावायचं, बाराला बंद करायचं.”

“जिन्याचं बटण तुमच्याकडे कसं?” त्या गृहस्थांनी विचारलं.

“पहिल्यापासून इथेच आहे,” असं म्हणून अण्णा चौथी पायरी सांभाळत खाली उतरले.