आईच्या कॅलेंडरवरचे व्होल्ट

आमच्या स्वयंपाकघरात दाराआड एक कॅलेंडर टांगलेलं असतं. दुधाचा हिशोब, सिलिंडर कधी लावला, शेळी कधी व्याली, सगळं आई त्याच्या चौकटींत पेन्सिलीनं लिहिते. २०२३ च्या जूनपासून त्यात आणखी एक आकडा येऊ लागला. सकाळी उठल्यावर, चहाचं आधण ठेवायच्या आधी, आई मल्टिमीटरच्या दोन पिना सोलरच्या बॅटरीच्या टोकांना लावते, व्होल्टचा आकडा वाचते आणि लिहून ठेवते. १२.५. १२.४. १२.४. १२.३.

आमची वस्ती माण तालुक्यात, गावापासून दोन किलोमीटर आत. लाइन शेतीच्या फिडरची. थ्री फेज पाळीनं येते, बाकीच्या वेळी सिंगल फेजवर जे मिळेल ते. कधी १५० व्होल्ट, कधी काहीच नाही. एवढ्या कमी दाबावर आमचा इन्व्हर्टर चार्जिंग घेतच नाही. म्हणून २०२१ मध्ये छपरावर ३३५ वॉटचं एक पॅनल, खाली १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी आणि मध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला बेतानं देणारा डबा, असं बसवून घेतलं. कंट्रोलरवर ठळक अक्षरांत 'एमपीपीटी', म्हणजे पॅनलची पूर्ण ताकद वापरणारा प्रकार, असं छापलेलं होतं, किंमत १,४०० रुपये. मी नोकरीला पुण्यात. फोनवर किंमत ऐकली आणि घ्या म्हणाले.

दुसऱ्या उन्हाळ्यात ती बॅटरी संपली. आधी रात्री बाराला पंखे बंद पडायचे, मग दहाला, मग आठला. दुकानदार म्हणाला, ''इकडच्या उन्हात बॅटऱ्या टिकत नाहीत.'' आम्ही ते खरं मानलं आणि १५ हजार घालून दुसरी आणली.

नवी बॅटरी आली त्या दिवशी मी आईला मीटर लावायला शिकवलं आणि भिंतीवर खडूनं तीन आकडे लिहून दिले: १२.७ भरलेली, १२.२ अर्धी, ११.९ जवळजवळ रिकामी. लेड अ‍ॅसिड बॅटरी अर्धी रिकामी झाली की तिला भरून काढायचं, त्याच्या खाली न्यायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी तिचं आयुष्य वाढतं. अर्धवट भरलेल्या अवस्थेत ती आठवडेच्या आठवडे राहिली, की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं. मग कितीही चार्ज करा, तेवढा भाग परत कामाला येत नाही. आमची पहिली बॅटरी अशीच मेली. ऊन हे फक्त निमित्त होतं.

पावसाळ्यात आकडे घसरले तेव्हा मला वाटलं, ढग असणार. पण ऑक्टोबरचं कडक ऊन पडलं तरी सकाळचा आकडा १२.१ च्या वर येईना. आई फोनवर म्हणाली, ''अगं, बॅटरीत पाणी आहे, पॅनल मी रोज पुसते, तरी पोरीसारखी उपाशी राहते ती.'' त्या एका वाक्यानं मी दिवाळीला येताना, बॅटरीत करंट किती शिरतो ते वायरीभोवती लावून पाहायला, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर विकत घेऊन आले. वायरमनकडचा साधा क्लॅम्प इथं चालत नाही, तो फक्त एसी मोजतो.

दुपारचे साडेबारा, आभाळ स्वच्छ. पॅनलकडून कंट्रोलरमध्ये येणाऱ्या वायरीभोवती क्लॅम्प लावला: ८.४ अँपिअर. मग कंट्रोलरकडून बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीभोवती लावला: ८.४. परत पहिल्या वायरीला, परत दुसरीला. तेच.

एवढ्यावरूनच सगळं कळलं. खरा एमपीपीटी कंट्रोलर पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज उतरवून त्याच्या बदल्यात अँपिअर वाढवून देतो. त्यामुळे बॅटरीच्या बाजूला आकडा मोठा यायलाच हवा. दोन्हीकडे सारखा येतो तो पीडब्ल्यूएम. पीडब्ल्यूएम हा नुसता वेगानं उघडझाप करणारा स्विच, तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो. आमच्या पॅनलच्या मागच्या स्टिकरवर ३७.५ व्होल्ट आणि ८.९५ अँपिअर असं लिहिलंय. ते ३७ चे १३ व्होल्ट झाले की १३ गुणिले ८.४, म्हणजे जेमतेम ११० वॉट. पैसे दिले ३३५ वॉटचे, बॅटरीला मिळत होता तिसरा हिस्सा. दिवसाला अर्धं युनिट आत आणि दोन पंखे, चार दिवे, टीव्ही मिळून पाऊण-एक युनिट बाहेर.

पीडब्ल्यूएमला मी वाईट म्हणत नाही. शेजारच्या वस्तीवर गोठ्यात १०० वॉटचं ३६ सेलचं पॅनल आहे, त्याचं कामाचं व्होल्टेज १८ च्या आसपास. तिथं साधा पीडब्ल्यूएम उत्तम चालतो. पण आमच्यासारखं ७२ सेलचं पॅनल आणि १२ व्होल्टची बॅटरी ही जोडी त्याच्या गळ्यात घालू नये. आणि डब्यावर खोटं छापून माणसांच्या बॅटऱ्या मारू नयेत. याचा मला आजही राग आहे.

त्याच कंट्रोलरच्या पडद्यावर बटण दाबत गेले तर बॅटरीचा प्रकार 'बी-१', म्हणजे सीलबंद, असाच राहिलेला होता. आमची पाणी घालायची बॅटरी, तिला 'बी-३' हवं होतं.

नवा कंट्रोलर घेताना दुकानात पहिला प्रश्न विचारला तो पॅनलच्या बाजूचं व्होल्टेज किती सोसतो याचा. आमच्या पॅनलचं उघडं व्होल्टेज, म्हणजे काहीच जोडलेलं नसताना येणारं, ४५ च्या वर, आणि थंडीच्या सकाळी ते आणखी चढतं. म्हणून १०० व्होल्टपर्यंतचा घेतला.

बसवायला मी आणि अण्णाच. अण्णांनी पॅनलवर गोधडी टाकली. पान्याच्या दांड्याला मी चिकटपट्टी गुंडाळली, कारण लोखंडी पाना एका वेळी दोन्ही टोकांना टेकला तर ठिणगी नाही, जाळ होतो. आईला हातातल्या पाटल्या काढायला लावल्या. बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज घातला. आणि जोडणी या क्रमानं: पहिल्यांदा बॅटरी, तिच्यावरून कंट्रोलर ओळखतो की समोर १२ व्होल्ट आहेत की २४. मग पॅनल. सोडवताना उलटं, आधी पॅनल, शेवटी बॅटरी. इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोडच्या टोकांना जोडायचा नाही, तो थेट बॅटरीला. ती टोकं १०-२० अँपिअरची आणि इन्व्हर्टर जोर लावतो तेव्हा ६०-७० ओढतो.

गोधडी काढली. पॅनलच्या वायरीत ७.६, बॅटरीच्या वायरीत १७.८. अण्णा काही बोलले नाहीत, मीटर हातात घेऊन त्यांनी स्वतः दोनदा लावून पाहिला. दीडशे एएचला साधारण पंधरा अँपिअर हा ढोबळ हिशोब. भर दुपारी थोडा वेळ अठरा, त्यातलेही काही पंख्यांना जातात, म्हणून मी निर्धास्त होते.

पण काम संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजायच्या आतच पडद्यावर १४.४ दिसलं, कंट्रोलरनं हात आखडता घेतला आणि सकाळी आकडा परत १२.२. कंट्रोलर पडवीत होता, येता-जाता दिसावा म्हणून. बॅटरी आत, चार मीटरवर. मध्ये घरातल्या फिटिंगची अडीच एमएमची वायर. मी आईला मल्टिमीटर घेऊन बॅटरीपाशी बसवलं.

''किती?''

''तेरा पूर्णांक चार.''

माझ्यासमोर पडद्यावर १४.४. पुरता एक व्होल्ट वायरीतच जिरत होता. कंट्रोलरला वाटत होतं बॅटरी भरत आली, आणि बॅटरीला ते व्होल्टेज मिळतच नव्हतं. संध्याकाळी कंट्रोलर आतल्या भिंतीवर, बॅटरीपासून हातभर अंतरावर हलवला आणि दहा एमएमची वायर घातली, टोकांना नीट दाबलेले लग लावून. आता दोन्ही आकड्यांत फरक जवळजवळ दिसत नाही.

त्या खोलीत एक कोनाडा होता, तिथं आई रोज उदबत्ती लावायची. १४.४ च्या आसपास बॅटरीतून हायड्रोजन सुटायला लागतो, म्हणून तेवढं मी हात जोडून सांगितलं. देव स्वयंपाकघरात गेले, खिडकी कायमची उघडी झाली. कंट्रोलरबरोबर आलेला तापमानाचा सेन्सर बॅटरीच्या कुशीला चिकटवलाय. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर जाते, तेव्हा १४.४ ही जास्त होतात आणि पाणी उडतं. सेन्सर असला की कंट्रोलर आपणहून १४ च्या आसपास थांबतो.

हायड्रोमीटरनं, म्हणजे अ‍ॅसिडची घनता मोजणाऱ्या नळीनं, सहाही सेल तपासले तेव्हा पाच १.२३० च्या आसपास आले आणि एक १.२०५ वर अडकलेला, म्हणजे कमी भरलेला. दोन रविवार ईक्वलायझेशन दिलं, म्हणजे मुद्दाम थोड्या जास्त व्होल्टेजवर काही तास. हे फक्त पाणी घालायच्या बॅटरीला, सीलबंद किंवा जेलला कधीही नाही. तिसऱ्या रविवारी तोही १.२२५ वर आला. नंतर डिस्टिल्ड वॉटर घातलं. अ‍ॅसिड नाही, ते उडत नाही, उडतं ते पाणीच.

मागच्या सुट्टीत गेले तेव्हा दाराआड नव्या वर्षाचं कॅलेंडर होतं. जुनं आईनं टाकलेलं नाही, गुंडाळी करून डब्यात ठेवलंय. नव्यात मंगळवारच्या चौकटीत तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: १२.४. दूध ३ लि. काळी व्याली, दोन करडं.