तुतारीची बाजू

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर आतेभाऊ विचारतो, शाळेतल्या सहकारी विचारतात, लग्नाकार्यात भेटलेली माणसंही आडून आडून विचारतात: गाडीचं नाव बदललं म्हणून आत्याची भावाशी शेवटची भेट चुकली, तरीही 'तुतारी एक्सप्रेस' या नावाची बाजू घेववते कशी?

घेववते. आणि त्यात आत्याचा अपमान आहे असं मला वाटत नाही.

मे २०१७ मध्ये दादर–सावंतवाडी राज्यराणीची तुतारी एक्सप्रेस झाली. बातमी आली तेव्हा बाबांनी पडवीत बसून अख्खी 'तुतारी' म्हटली. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस. केशवसुत रत्नागिरीजवळच्या मालगुंडचे, कविता १८९३ची, कवी गेले १९०५ साली, आणि कोकण रेल्वे पुरी झाली ती १९९८ला. ज्याला आपल्या मुलखात रेल्वे कधी बघायला मिळाली नाही, त्याच्या कवितेचं नाव घेऊन रोज एक गाडी रत्नागिरीवरून पुढे जाणार, याचा बाबांना झालेला आनंद मी पाहिलाय. तो मला खोटा ठरवता येणार नाही.

त्याच आषाढात बाबा गेले.

आत्या परळला राहायची. रात्री मी तिला फोन केला, "बाबांचं काही खरं नाही, निघ." कोकणकन्या एक्सप्रेस गाठण्याइतका वेळ नव्हता. मध्यरात्री दादरहून सुटणारी गाडी तिच्या सवयीची होती. शिमग्याला ती त्याच गाडीने आली होती आणि तेव्हा ती राज्यराणी होती. शेजारच्या मुलाने तिला दादरच्या पुलापर्यंत सोडलं. जनरलचं तिकीट पदरात बांधलेलं. त्या तिकिटावर गाडीचं नाव नसतं. फलाटावर तिने एका तरुणाला विचारलं, "राज्यराणी खंय लागता?" तो म्हणाला, "राज्यराणी आता नाही मावशी. आता तुतारी असते."

एवढंच. त्याचं काहीच चुकलं नाही. त्याने खरं तेच सांगितलं. पण आत्याला कळलं ते असं, की आपली गाडी बंद झाली आणि तिच्या जागी भलतीकडे जाणारी कुठली तरी दुसरी गाडी सुरू झाली. ती बाकावर बसून राहिली. गाडी लागली, माणसं चढली, गाडी सुटली. घोषणेत सावंतवाडीचं नाव होतं की, असं मी एकदा तिच्या मुलाला म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "तुझा भाऊ मरायला टेकला असता तर तुला ऐकू आलं असतं?" तेव्हापासून तो मुद्दा मी काढत नाही.

सकाळी ती मांडवी एक्सप्रेसने निघाली. पावसाळी वेळापत्रक, गाड्या हळू. इकडे बाबा शुद्धीवर होते. दहाच्या सुमाराला त्यांनी विचारलं, "आक्का इली?" मी म्हटलं, येतेय, कुडाळला उतरली असेल. दुपारी ते गेले. आत्या पोचली तोवर आम्ही त्यांना तिच्यासाठीच ठेवलं होतं. तिने तोंड पाहिलं, रडली नाही. मग मला म्हणाली, "गाडी माझ्या डोळ्यांदेखत गेली गो. माका कळलाच नाय, ती माझीच गाडी."

लहानपणी आम्ही सगळेच झुकझुक आगीनगाडीतून मामाच्या गावाला जायचं गाणं म्हणत मोठे झालो. आत्याच्या मुलांचा तो मामा म्हणजे माझे बाबा. म्हणून आतेभाऊ चिडून जे बोलतो, ते मी ऐकून घेते. त्याचं म्हणणं, कवितेच्या हौसेपायी माझ्या आईचा भाऊ गेला. तसं नाही. भाऊ जाणारच होता. भेट चुकली. पण त्याला हा फरक समजावायला गेलं की माझं मलाच ते कोरडं वाटतं.

नामांतराच्या वेळी मी सगळ्यांना सांगत सुटले होते की आता गाडीत बसलेली पोरं केशवसुत कोण ते विचारतील. माझ्या वर्गात किती जणांनी विचारलं? फार नाही. तरीही जेव्हा कविता शिकवायला घेते, तेव्हा मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "बाई, आमची गाडी!" त्या क्षणी वर्ग माझ्याकडे वळतो. दुसऱ्या कुठल्या कवितेला असं दार आयतं उघडलेलं मिळत नाही. मुंबईहून हावड्याला गीतांजली जाते, बनारसकडे हिंदी कवी जयशंकर प्रसादांची कामायनी जाते, गोरखपूरला गोदान जाते. प्रेमचंदांच्या 'गोदान' कादंबरीतल्या होरी शेतकऱ्यासारखं कर्ज फेडता फेडता थकलेली माणसंच त्या गोदानच्या जनरल डब्यात उभी असतात. त्यांच्या गाडीला त्यांच्याच गोष्टीचं नाव आहे, हे मला मोलाचं वाटतं. त्यांनी ती कादंबरी वाचली असो वा नसो.

पण 'तुतारी' शिकवताना एक ओळ येते, 'जुने जाऊं द्या मरणालागुनि', आणि तिथे माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही. केशवसुत रूढींबद्दल बोलत होते, म्हाताऱ्या बाईच्या तोंडी बसलेल्या गाडीच्या नावाबद्दल नाही. हे मला ठाऊक आहे, मुलांना ते मी नीट समजावते. तरी पटकन पुढच्या ओळीवर जाते.

माझं मागणं साधं आहे. नाव बदला, पण जुनं नाव वर्षभर तरी घोषणेत सोबत बोला. 'पूर्वीची राज्यराणी', हे दोन शब्द. फलाटावर अक्षर आणि नंबर न वाचता, फक्त विचारून गाडी धरणारी माणसं अजून पुष्कळ आहेत.

आत्या अजून तिला राज्यराणीच म्हणते. मी तिला सुधारत नाही, आणि तिच्यासमोर मी स्वतः तुतारी म्हणणंही सोडलेलं नाही. परवा आतेभावाने विचारलं, "उद्या कुणी या गाडीचं नाव पुन्हा बदललं तर?" मी म्हटलं, भांडेन. "कुणासाठी? माझ्या आईसाठी की तुझ्या कवीसाठी?" त्याला उत्तर दिलं नाही. तुम्हालाही आज देता येत नाही.