तुम्ही विचारलंत म्हणून : कॅथलिक सिद्धान्तांचा अभ्यास कुठून सुरू करावा

कॅथलिक श्रद्धेचा नीट अभ्यास करायचा आहे, तर काय वाचावे, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत प्रौढपणी बाप्तिस्मा घेऊ इच्छिणारे असतात, लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेल्या उत्तरांवर आता समाधान न होणारे असतात, आणि स्वतःची श्रद्धा नसूनही ही विचारपरंपरा समजून घ्यावी असे मनापासून वाटणारेही असतात. या सर्वांना माझे सांगणे एकच असते: पुस्तके जमवण्याच्या मागे लागू नका, एक सिद्धान्त हाती घ्या आणि तो जिथून जिथून आला आहे तिथपर्यंत त्याचा माग काढा. असा एक माग शेवटपर्यंत काढला की पुढची पुस्तके कोणती, हे बहुतेक वेळा विचारावे लागत नाही.

सुरुवात अर्थातच ‘कॅथलिक ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम’ या, ख्रिस्तसभेची (म्हणजे चर्चची) शिकवण अधिकृतपणे मांडणाऱ्या ग्रंथापासून करावी. पोप दुसरे जॉन पॉल यांनी तो १९९२ मध्ये प्रसृत केला आणि १९९७ मध्ये त्याची अधिकृत लॅटिन आवृत्ती निघाली. त्यात एकूण २८६५ क्रमांकित परिच्छेद आहेत आणि श्रद्धेची कबुली, संस्कार, ख्रिस्ती आचरण व प्रार्थना असे चार भाग आहेत. हा ग्रंथ प्रामुख्याने बिशप आणि धर्मशिक्षण देणाऱ्यांसाठी लिहिला आहे, असे त्याच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे. त्यामुळे तो पहिल्या पानापासून कादंबरीसारखा वाचत गेलात आणि मध्येच थकलात, तर त्यात तुमच्या बुद्धीचा काही दोष नाही. मी विचारणाऱ्याला परिच्छेद ७४ ते १४१ आधी वाचायला सांगतो. देवाचे प्रकटीकरण पिढ्यान्‌पिढ्या कसे पोहोचते, पवित्र शास्त्र आणि पवित्र परंपरा यांचे नाते काय, त्यांचा अधिकृत अर्थ लावण्याचे काम कोणाचे, हे तिथे सांगितले आहे. एवढे समजल्यावाचून पुढच्या कोणत्याही सिद्धान्ताचा पाया दिसत नाही.

कॅटेकिझम वाचताना बहुतेक वाचक एक मोठी गोष्ट वगळतात, ती म्हणजे तळटिपा. खरा अभ्यास तिथे सुरू होतो. एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. पवित्र मिस्सा या कॅथलिक उपासनेतल्या भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, हा सिद्धान्त घ्या. परिच्छेद १३७४ मध्ये तो मोजक्या वाक्यांत मांडला आहे: ख्रिस्त तिथे ‘खऱ्या अर्थाने, वास्तविकपणे आणि सत्त्वरूपाने’ असतो. हे शब्द कॅटेकिझमच्या लेखकांचे नाहीत. तळटीप तुम्हाला ट्रेंटच्या धर्मपरिषदेकडे (बिशपांच्या निर्णायक सभेकडे), १५५१ सालाकडे नेते आणि पुढे ‘डीएस १६५१’ अशी खूण देते. ही खूण डेन्झिंगर या ग्रंथातल्या क्रमांकाची आहे. हाइनरिख डेन्झिंगर या जर्मन विद्वानाने १८५४ मध्ये ख्रिस्तसभेचे विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुलीवचने), परिषदांचे निर्णय आणि पोपमहोदयांची महत्त्वाची विधाने कालानुक्रमे एकत्र केली. पुढच्या संपादकांनी त्या संग्रहात वेळोवेळी भर घातली. त्यातला १६५१ वा उतारा काढून पाहिला की कळते, परिषद हे वाक्य हवेत बोलत नव्हती. ख्रिस्त तिथे केवळ चिन्ह म्हणून, प्रतिमा म्हणून किंवा शक्तिरूपाने आहे, असे म्हणणाऱ्यांना ते दिलेले उत्तर होते. कोणता प्रश्न समोर उभा होता हे माहीत झाले, की उत्तरातला प्रत्येक शब्द तिथे का आहे हे उलगडते.

त्याच परिच्छेदात दुसरी तळटीप तेराव्या शतकातले ईशज्ञानी (धर्मतत्त्वांचे अभ्यासक) संत थॉमस अक्वायनस यांच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथाकडे बोट दाखवते. सुम्माचे नाव ऐकूनच लोक दचकतात. वास्तविक हा ग्रंथ नवशिक्यांसाठी लिहीत असल्याचे थॉमस यांनी आरंभीच स्पष्ट केले आहे. मात्र त्यांचा नवशिका तर्कशास्त्र शिकून आलेला असे, हे आपण लक्षात ठेवलेले बरे. त्याच्या तिसऱ्या भागातल्या पंचाहत्तराव्या प्रश्नाचा पहिला लेख उघडा. ख्रिस्ताचे शरीर या संस्कारात खरोखर आहे की केवळ प्रतिमेच्या रूपात, हा तिथला मुद्दा आहे; म्हणजे ट्रेंटच्या सुमारे पावणेतीनशे वर्षे आधी तो इतक्या नेमक्या शब्दांत मांडलेला होता. थॉमस आधी विरोधी बाजू मांडतात आणि तीही कमकुवत करून मांडत नाहीत. पहिलाच आक्षेप योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातून येतो: आत्मा जीवन देणारा आहे, देहापासून काही लाभ नाही, असे येशूच म्हणाला नाही का? यानंतर विरुद्ध बाजूने हिलरी आणि अँब्रोज या प्राचीन आचार्यांचा आधार येतो, मग थॉमस स्वतःचे उत्तर देतात, आणि अखेरीस एकेका आक्षेपाकडे परत वळून त्याचा निकाल लावतात. ही उपस्थिती इंद्रियांना कळत नाही, ती देवाच्या शब्दावर विसंबणाऱ्या श्रद्धेलाच कळते, हे ते उत्तराच्या पहिल्या वाक्यातच मान्य करतात. असे दहा-बारा लेख सावकाश वाचले, की विरोधकाचे म्हणणे त्याच्यापेक्षा चांगले मांडता आल्याखेरीज उत्तर देऊ नये ही शिस्त अंगात मुरते, आणि माझ्या मते ईशज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून मोलाचे काही मिळत नाही.

माग अजून मागे जातो. परिच्छेद १३४५ मध्ये संत जस्टिन हुतात्मा यांचा उतारा आहे. साधारण इसवी सन १५५ च्या सुमारास त्यांनी अँटोनायनस पायस या ख्रिस्ती नसलेल्या सम्राटाला ख्रिस्ती लोक रविवारी जमून काय करतात हे समजावून सांगितले. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची लिखाणे वाचली जातात, अध्यक्ष बोध करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते, जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन (धर्मसेवक) प्रसाद पोहोचवतात, आणि गोळा झालेल्या दानातून अनाथ व विधवांना मदत होते. मिस्साला नियमित जाणाऱ्या माणसाने हे पान वाचावे आणि थोडा वेळ थांबावे. आद्य आचार्यांचे, म्हणजे पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लेखकांचे, साहित्य अफाट आहे. मिन्ये यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या संग्रहात लॅटिन आचार्यांचेच २२१ खंड आहेत. त्या अफाटपणाची धास्ती घेऊ नका. अँटिओकचे इग्नेशियस यांची सात पत्रे, जस्टिन यांचे हे समर्थनपत्र, अथनेशियस यांचा देहधारणेवरचा छोटा ग्रंथ आणि ऑगस्टीन यांचे ‘कन्फेशन्स’ एवढ्यावर कितीतरी महिने आनंदात जातील.

आणि सगळ्याच्या तळाशी पवित्र शास्त्र आहे. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, तेव्हा हाती असलेली आवृत्ती पूर्ण आहे ना, हे आधी पाहावे. कॅटेकिझम अनेकदा शास्त्रवचन शब्दशः न देता फक्त संदर्भ देतो, आणि वाचकाने मूळ उतारा काढून वाचावा असे प्रस्तावनेत बजावतो. तो उतारा वाचताना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ‘देई व्हर्बुम’ हा १९६५ चा दस्तऐवज सोबत ठेवावा. इतिहास, काव्य, भविष्यवाणी अशा निरनिराळ्या साहित्यप्रकारांकडे लक्ष देऊन लेखकाला काय म्हणायचे होते ते शोधा, असे तो सांगतो. या परिषदेचे एकूण १६ दस्तऐवज आहेत. चार संविधाने, म्हणजे त्यांतले सर्वांत वजनदार दस्तऐवज, आधी वाचावीत, आणि त्यांतही ‘देई व्हर्बुम’ व ख्रिस्तसभेविषयीचे ‘लुमेन जेन्शियुम’ यांच्यापासून आरंभ करावा. बाकीचे गरजेप्रमाणे. ही कागदपत्रे आणि कॅटेकिझम व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे पैशांअभावी कोणाचा अभ्यास अडू नये.

आता ज्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ दिसतो तिच्याकडे वळतो. ख्रिस्तसभेत जे जे सांगितले जाते त्या सगळ्याचे वजन सारखे नसते. येशूचे पुनरुत्थान विश्वासांगीकारात आहे. ते वगळले तर श्रद्धाच उरत नाही. मरियेचे स्वर्गोन्नयन, म्हणजे तिला देहासह स्वर्गात घेतले गेले ही शिकवण, पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये श्रद्धासत्य म्हणून घोषित केले. लॅटिन (पाश्चात्त्य) परंपरेतल्या धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य मात्र शिस्तीचा नियम आहे. पूर्वेकडील कॅथलिक ख्रिस्तसभांमध्ये विवाहित पुरुषांनाही गुरुदीक्षा मिळते. लूर्द किंवा फातिमा इथल्या मरियेच्या दर्शनांना ख्रिस्तसभेने मान्यता दिली असली, तरी अशी दर्शने श्रद्धेच्या ठेव्याचा भाग नाहीत, असे परिच्छेद ६७ सांगतो. बाप्तिस्मा न होता मरण पावलेली अर्भके ‘लिंबो’ या स्वर्गाबाहेरच्या पण यातनारहित अवस्थेत जातात, असे अनेक शतके शिकवले गेले, पण तो ईशज्ञानींचा तर्क होता, श्रद्धासत्य कधीच नव्हता, आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ मध्ये हा सारा इतिहास तपासून त्या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत असे म्हटले. ज्या आईबापांनी असे मूल गमावले आहे त्यांच्याशी बोलताना हा फरक ठाऊक असणे किती गरजेचे आहे, हे वेगळे सांगायला नको. म्हणून कोणतेही विधान वाचले की ते कोणी केले, कोणत्या अधिकाराने केले आणि कोणाला उद्देशून केले, हे तीन प्रश्न विचारावेत. ‘लुमेन जेन्शियुम’चा पंचविसावा परिच्छेद आणि ईशज्ञानींच्या कार्याविषयीचा १९९० चा ‘दोनुम व्हेरितातिस’ हा दस्तऐवज यासाठी उपयोगी पडतात. एखादी शिकवण प्रामाणिकपणे पटत नसेल तर काय करावे, याचाही विचार ‘दोनुम व्हेरितातिस’मध्ये आहे.

जुन्या संदर्भग्रंथांबाबत थोडी सावधगिरी हवी. १९०७ पासून निघू लागलेला इंग्रजी ‘कॅथलिक एन्सायक्लोपीडिया’ इतिहासासाठी आजही उत्तम आहे, पण तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या आधीचा आहे हे विसरू नये. कॅटेकिझमची जुनी प्रत वापरत असाल तर मृत्युदंडाविषयीचा परिच्छेद २२६७ तपासा; पोप फ्रान्सिस यांनी तो २०१८ मध्ये बदलला. पुस्तकाच्या आरंभी बिशपांची ‘इम्प्रिमातुर’ ही परवानगी छापलेली असते, तिचा अर्थ त्यात श्रद्धेला किंवा नीतीला बाधक काही आढळले नाही एवढाच. लेखकाचे प्रत्येक मत ख्रिस्तसभेचे मत आहे असे त्यावरून ठरत नाही.

ज्यांना वेळ अगदीच कमी आहे त्यांच्यासाठी २००५ मध्ये आलेला कॅटेकिझमचा संक्षेप आहे. ५९८ प्रश्नोत्तरांच्या त्या पुस्तकात प्रत्येक उत्तराशेजारी मूळ ग्रंथातले परिच्छेद-क्रमांक दिलेले आहेत, तेव्हा वेळ मिळेल तसे तिथून खोलात जाता येते. ज्यांना रीतसर पदवीच घ्यायची आहे, त्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रम मागवून पाहावा आणि त्यात मूळ ग्रंथांचे वाचन किती आणि त्यांच्याविषयीची टिपणे किती, हे शिकवणाऱ्यांना स्पष्ट विचारावे.