पेट्या भरता भरता बातम्या: फीडचं एमपीथ्री करण्याचा खटाटोप

एप्रिल-मे मध्ये देवगडात कुणाचेही हात मोकळे नसतात. आंबा उतरवून आणला की साइज लावा, डागी बाजूला काढा, पेंढा घाला, पेटी भरा, आणि हे सगळं चालू असताना मोबाइल उघडून बातमी वाचायची म्हणजे स्क्रीनला चीक, वर मुकादमाचं तोंड. रेडिओ आहे शेडमध्ये, पण त्याच्यावर आपल्याला पाहिजे ते आपल्याला पाहिजे तेव्हा लागत नाही. मला पाहिजे वाशी बाजारातली आंब्याची आवक, हवामान, फुलकिडे-तुडतुड्यांबद्दल काही आलं असेल तर ते, आणि तालुक्यात काय चाललंय ते. हे चार ठिकाणी विखुरलेलं असतं. पण नशिबाने बऱ्याच साइटना आरएसएस फीड (साइटवर नवीन काय आलं त्याची प्रोग्रॅमला वाचता येणारी यादी) अजून आहे. २०१३ ला गूगल रीडर हा फीड वाचायचा प्रोग्रॅम बंद झाला तेव्हा आरएसएसचं तेरावं घालून मोकळे झाले होते सगळे, पण फीड काही मेलं नाही, पॉडकास्ट म्हणून जे ऐकता ना ते बहुतेक त्याच्यावरच चालतं. आरएसएस घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या डेव्ह वायनरने २००० च्या डिसेंबरात आरएसएसमध्ये एन्क्लोजर नावाचा टॅग घातला, म्हणजे बातमीच्या मजकुराला ऑडिओची फाइल जोडायची सोय, आणि आजतागायत तोच टॅग चालू आहे.

म्हणजे माझं काम एवढंच की मजकुराचं फीड आत घ्यायचं आणि ऑडिओचं फीड बाहेर द्यायचं. घरी रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर लावून ठेवलाय (लाइटचा भरवसा नाही हे कोकणात कुणाला सांगायला नको). पहाटे क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालू करणारी सोय) पायथन स्क्रिप्ट चालू होते, फीडपार्सर फीड वाचतो, आधी वाचलेल्या बातम्यांची नोंद एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये असते त्यामुळे तीच बातमी परत येत नाही. फीडमध्ये बहुतेक वेळा दोनच ओळी असतात म्हणून मूळ पानावर जाऊन ट्राफिलातुराने फक्त लेख बाहेर काढायचा, तो आवाजाला द्यायचा, तुकडे एफएफएमपेगने जोडायचे आणि शेवटी नवीन फीड लिहून टाकायचं. फोनवर अँटेनापॉड हे पॉडकास्टचं अॅप आहे, तो घरच्या वायफायवर सकाळी आपोआप फाइल ओढून घेतो. हे डाउनलोडचं महत्त्वाचं, कारण सड्यावर बागेत रेंज नसते. माझा चुलतभाऊ कणकवलीहून मुंबईला जाताना हेच ऐकतो, कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातसुद्धा बातमी तुटत नाही म्हणून खूश असतो. ४८ केबीपीएस मोनो ठेवलं तर अर्ध्या तासाची फाइल साधारण ११ एमबी होते, आणि बोलण्यापुरतं तेवढं चिक्कार झालं.

इथपर्यंतचं काम एका रविवारचं आहे, खरंच. यूट्यूबवर सगळे इथेच थांबतात आणि बघा किती सोप्पं म्हणतात. मराठी बातमी त्या आवाजाला वाचायला दिली की मग कळतं काय ते.

आवाजांबद्दल, म्हणजे मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, आधी बोलतो. ईस्पीक एनजी अगदी हलका, नेट लागत नाही, मराठी येतं, पण तो घशात काहीतरी अडकल्यासारखा बोलतो, पाच मिनिटांच्या वर ऐकवत नाही. मेटाने २०२३ मध्ये हजाराच्या वर भाषांची मॉडेलं काढली त्यात मराठी आहे, आवाज बरा आहे, पण लायसन्स धंद्यासाठी चालत नाही, घरी वापरायला ठीक. एआयफॉरभारतचं इंडिक पार्लर मला सगळ्यात गोड वाटलं, फक्त ते पायवर चालवायचा विचारही करू नका, त्याला जीपीयूवाला, म्हणजे दणकट ग्राफिक्स कार्डाचा, कॉम्प्युटर पाहिजे. मी शेवटी एज-टीटीएसवर आलो. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये पान वाचून दाखवायची सोय आहे ना, तेच ऑनलाइन आवाज हे पॅकेज वापरतं. मराठीत दोन आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. ही अधिकृत सोय नव्हे, उद्या बंद पडली तर कुणाकडे तक्रार करता येणार नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये ईस्पीकला राखीव ठेवलाय.

मनोहर आमच्या शेडमध्ये आता माणूसच झालाय. पहिल्या दिवशी पेट्या भरणाऱ्या एका काकींनी विचारलं, "ह्यो खयचो रे? आपल्या हयचो दिसणा नाय." नेट गेलं आणि फाइल आली नाही की कुणीतरी हमखास ओरडतं, "आज मनोहर इलो नाय?"

आता खरी डोकेदुखी. वर्तमानपत्री मराठी डोळ्यांसाठी लिहिलेलं असतं, कानासाठी नाही. "ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग" हे छापलेलं आपण न अडखळता वाचतो, पण मशीनला प्रत्येक टिंब म्हणजे वाक्य संपलं. "डॉ." म्हणून दम घेतो आणि मग आडनाव. कि.मी., रु., पं.स., जि.प. ही सगळी मंडळी आधी सुटी करून लिहावी लागतात, मी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवलीये, डावीकडे छापील रूप, उजवीकडे बोलायचं, आणि ती वाढतच चाललीये.

आकडे तर विचारूच नका. मराठीत एक ते शंभर प्रत्येक आकड्याचं नाव स्वतंत्र पाठ करावं लागतं, नियमाने बनत नाही, त्यामुळे तक्ता हाताने टाइप केला. १९९८ हे साल असेल तर एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, पण पेट्या असतील तर एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णव, आणि हे ठरवायचं कसं तर पुढे "साली" किंवा "मध्ये" आहे का बघून, दहातल्या नऊ वेळा जमतं. १,२५,००० मधला स्वल्पविराम काढून टाकायचा. "२-३ फूट" मधली रेघ म्हणजे "ते", पण फोन नंबरमधली रेघ म्हणजे काहीच नाही. आणि दीड-अडीच! "१.५ लाख पेट्या" ला मशीन "एक पॉइंट पाच लाख" म्हणतं, शेडमध्ये कोण बोलतं असं? १.५ ला दीड, २.५ ला अडीच, १०.३० च्या पुढे "वाजता" असेल तर साडेदहा, एवढे तीन नियम घातले आणि मनोहर एकदम गावातला वाटायला लागला. माझ्या मते आवाज बदलण्यापेक्षा ह्या तीन नियमांनी जास्त फरक पडला.

उच्चारांचा घोळ वेगळाच. "चार चाकी" मधले दोन च वेगळे, "जाळं" चा ज वेगळा, "जेटी" चा वेगळा, लिपीत दोन्ही एकच. नवीन आवाज बहुतेक शब्दांत बरोबर बोलतात, ईस्पीक मात्र जाळ्याची पार वाट लावतो. गावांची नावं दोघांनाही जड जातात, तिथे मी जोडून आलेलं नाव तोडून लिहितो, मधे स्पेस देतो, जे काय केल्याने नीट ऐकू येईल ते. मालवणी बोलणारा आवाज मला तरी कुठे मिळाला नाही, कुणी बनवला तर पहिला गिऱ्हाईक मी.

कचरा काढणं हेही असंच चिवट काम. "हेही वाचा", फोटोखालची ओळ, "आमच्या चॅनलला फॉलो करा" हे डोळा आपोआप गाळतो, कानाला मात्र सगळं ऐकावंच लागतं. बातमीच्या मधोमध मनोहर गंभीर आवाजात "हेही वाचा, सोन्याचे दर घसरले" म्हणाला की हसावं का रडावं कळत नाही.

सगळ्यात काळजी हवामानाची घेतो. आमचा शेजारी मासेमारीवाला, त्याला माझ्या फुलकिड्यांशी घेणं नाही, त्याला वारा आणि लाटा पाहिजेत. त्याच्यासाठी हवामान खातं आणि हैदराबादच्या इन्कॉइस ह्या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचे इशारे वेगळ्या छोट्या फाइलमध्ये करतो आणि व्हॉट्सअपला टाकतो. वाचताना वरची तारीख दिसते, ऐकताना कालचा इशारा आणि आजचा इशारा अगदी सारखाच वाटतो, फॉरवर्ड होत होत परवाचा आला तरी कळायचं नाही. म्हणून प्रत्येक इशाऱ्याच्या सुरुवातीला कुणी दिला, कोणत्या तारखेला, किती वाजता, आणि कधीपर्यंत लागू, हे आधी, मग बाकीचं, आणि शेवटी तारीख परत एकदा. ह्यात एक खोच आहे, काही साइट फीडमध्ये वेळ भारतीय टाकतात आणि शिक्का जीएमटीचा मारतात, मग बातमी साडेपाच तास भविष्यातली दिसते. स्क्रिप्टने घेतलेली वेळ आत्ताच्या पुढची असेल तर ती साडेपाच तास मागे ओढायची असा नियम बातम्यांना ठेवलाय, इशाऱ्याला मात्र नाही. इशाऱ्याची वेळ फीडमधून न घेता त्याच्या मजकुरात लिहिलेली घेतो, आणि ती सापडली नाही तर फाइल बनतच नाही.

पुष्कळजण सांगतात की एआयकडून सारांश करून घे, तीन मिनिटांत सगळं संपेल. बाजारभावाच्या बातमीत सारांश करणाऱ्याने कमाल आणि किमान दराची अदलाबदल केली तर माझं नुकसान आहे, आणि "ताशी ४५ ते ५५ किलोमीटर" चं "जोरदार वारे" करून टाकलं तर शेजाऱ्याला त्याचा काय उपयोग? लांब वाटलं तर बातमी वगळतो, पण कापत नाही. अर्ध्या तासात साधारण डझनभर बातम्या बसतात आणि खरं सांगायचं तर त्याच्यावर ऐकण्यासारखं रोज नसतंच.

बातम्यांचं हे फीड मी घरच्यांबाहेर कुणाला देत नाही. बातमी दुसऱ्याची आहे, घरात आणि शेडमध्ये ऐकणं वेगळं आणि त्याचं पॉडकास्ट म्हणून जगाला वाटणं वेगळं. स्क्रिप्ट आणि ती शब्दांची फाइल मात्र कुणाला पाहिजे असेल तर खुशाल घ्या. सध्या त्यात देवगड, मालवण, कणकवलीकडची नावं बऱ्यापैकी आहेत, दापोली-गुहागरकडची फार कमी. तिकडचं कुणी वाचत असेल तर आपल्या गावांची नावं बोलतात तशी तोडून पाठवा, ३१ मे ला मासेमारी थांबते, पाठोपाठ आमचं पॅकिंगही आवरतं, तेव्हा बसून भरून टाकीन.