वाऱ्याची दिशा बघून ठरवलेली सुट्टी : श्रीलंकेतल्या निलावेली परिसरातले २८ दिवस

आम्हा दोघांना महिनाभराची सुट्टी मिळाली, पण ती जुलैत. समुद्र हवा होता, गर्दी नको होती आणि खर्च आवाक्यात राहायला हवा होता. सुरुवातीला आम्हीही नावं घेऊनच शोधत होतो: हे बेट, तो किनारा. बरीचशी स्वस्त भाडी जिथे दिसत होती तिथे ती स्वस्त असण्याचं कारण एकच होतं, जुलैत तिथे पाऊस कोसळत असतो आणि समुद्र खवळलेला असतो. मग आम्ही उलटा प्रश्न विचारला. जुलैत नैऋत्येचे वारे कुठे कोरडे होऊन पोहोचतात?

उत्तर जवळच होतं. श्रीलंकेच्या मध्यभागी उंच डोंगर आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे नैऋत्य किनारा आणि डोंगराचा पश्चिम उतार भिजवतात, पलीकडचा पूर्व किनारा पर्जन्यछायेत राहतो. सह्याद्री उतरून देशावर आलं की पाऊस जसा विरळ होतो, तसंच. पूर्वेला खरा पाऊस ऑक्टोबरनंतर, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. म्हणजे डिसेंबर ते मार्च दक्षिणेचा मिरिस्सा, गाल्लचा पट्टा आणि एप्रिल ते सप्टेंबर पूर्वेचा त्रिंकोमाली, अरुगम बेचा पट्टा. एवढं कळलं की निम्मी निवड झालीच.

अरुगम बे लाटांवर स्वार होणाऱ्यांचं गाव आहे, मोसमात चांगलंच गजबजतं, म्हणून ते सोडलं. पासिकुडाचं पाणी फार उथळ आणि शांत, लहान मुलं असतील तर उत्तम, पण तिथे मोठी रिसॉर्ट जास्त. त्रिंकोमालीच्या उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर उप्पुवेली आणि साधारण पंधरा किलोमीटरवर निलावेली. आम्ही आधी उप्पुवेलीत खोली घेतली. किनारा सुंदर, खाण्याची ठिकाणं चालत जाण्याइतकी जवळ, पण शेजारच्या बारमधलं संगीत मध्यरात्र उलटली तरी थांबायचं नाही. तीन रात्री काढल्या आणि निलावेलीला हललो. म्हणून पहिला सल्ला हा: महिनाभराचे पैसे आधी भरू नका. दोन-तीन रात्रींचं बुकिंग करा, खोली रात्री दहानंतर कशी वाटते ते अनुभवा आणि मगच मालकांशी महिन्याचा भाव बोला. समोरासमोर बोलल्यावर आम्हाला भाव बराच कमी करून मिळाला. एसीचे पैसे वेगळे लागणार का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

हा प्रश्न साधा वाटतो, पण इथे महत्त्वाचा आहे. जून-जुलैत डोंगर उतरून येणारा कोरडा, गरम पश्चिम वारा पूर्व किनाऱ्यावर वाहतो. तिथले लोक त्याला कच्चान म्हणतात. पाऊस अडवणाऱ्या डोंगरानेच तो वारा तापवलेला असतो. दुपारी अकरा ते चार बाहेर पडणं नको वाटतं. आमची पहिली दुपार फार जड गेली, कारण खोलीवर पत्रा होता. नंतरची खोली कौलारू होती, समोर कडुनिंबाची सावली, मग पंख्यावर भागलं. छप्पर कशाचं आहे आणि अंगणात झाड आहे का, हे फोटोत नीट बघा.

दिवस आपोआप पहाटेकडे सरकतो. साडेपाचला किनाऱ्यावर गेलं की रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे मच्छीमार दिसतात. दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा, एका ठेक्यात पाय वाळूत रोवत दोर खेचला जातो. आपल्याकडची रापण पाहिलेल्या माणसाला ते दृश्य ओळखीचं वाटतं. दुरून बघा, दोर ओलांडू नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका. हाच किनारा २००४ च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झाला होता आणि श्रीलंकेतलं यादवी युद्ध २००९ मध्ये संपलं. इथल्या माणसांनी काय काय सोसलंय हे मनात ठेवून वावरावं असं मला फार वाटतं. गावात बायका पूर्ण कपड्यांत पाण्यात उतरतात. हॉटेलांपुढच्या भागात पोहण्याचे कपडे चालतात, रस्त्यावर आणि दुकानात अंगभर कपडे घाला.

जेवण स्वस्त पडतं ते छोट्या खाणावळीत: भात, तीन-चार भाज्या, वरण, पापड. संध्याकाळी इडिअप्पम, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा, नारळाच्या सांबोलात, म्हणजे चटणीत, बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा असतो आणि तो दिसत नाही. हा तमिळ भाषकांचा मुलूख आहे. ‘मीन वेण्डाम’, म्हणजे मासा नको, एवढं म्हटलं तरी काम होतं. पौर्णिमेला, पोयाच्या दिवशी, सरकारी सुट्टी असते, दारूविक्री बंद असते आणि बरीच कार्यालयंही बंद, त्यामुळे कामं आदल्या दिवशी उरका. पैसे त्रिंकोमाली शहरातल्या एटीएममधून काढून आणा, निलावेलीत रोख रकमेवाचून अडतं. शहरात जायला कुच्चवेलीच्या रस्त्यावरची बस मिळते. तिचं भाडं रिक्षापुढे काहीच नाही. रिक्षा घेतलीच तर बसण्याआधी दर ठरवा. स्कूटर भाड्याने घ्यायची तर श्रीलंकेत ग्राह्य धरला जाणारा परवाना लागतो. तो नसताना अपघात झाला तर विमाही हात वर करतो.

निलावेलीसमोर, सुमारे एक किलोमीटरवर पिजन आयलंड आहे. २००३ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. प्रवेशशुल्क आणि नावेचं भाडं वेगवेगळं असतं, आणि नावेचं भाडं पूर्ण नावेचं असतं, म्हणून आणखी दोघं-तिघं सोबती शोधले की खर्च वाटला जातो. सकाळच्या पहिल्या नावेने जा. आम्ही एकदा दहा वाजता गेलो तर पाण्यात माणसंच माणसं आणि काही जण चक्क प्रवाळावर उभे होते. बघून जीव कळवळला. प्रवाळ जिवंत असतं, पायाने तुटतं आणि भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. पोहता येत नसेल तर जॅकेट घाला, पण तळावर पाय टेकवू नका. दुसऱ्यांदा सकाळी लवकर गेलो तेव्हा पाणी स्वच्छ होतं आणि काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क अगदी जवळून गेले. ते सहसा आपल्या वाटेला जात नाहीत.

त्रिंकोमालीचं कोणेश्वरम मंदिर समुद्रावर झुकलेल्या कड्यावर आहे. वाट फोर्ट फ्रेडरिकमधून जाते आणि किल्ल्यात चितळं निवांत फिरत असतात. मूळ मंदिर पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात पाडलं. दुपारी दगड पायाला चटके देतो, म्हणून संध्याकाळच्या पूजेला जा.

व्हिसाचा हिशेब आधी करा. पर्यटकांचा ईटीए, म्हणजे ऑनलाइन मिळणारा प्रवास परवाना, साधारणपणे ३० दिवसांचा असतो, म्हणून आम्ही २८ दिवस राहिलो. मुदतवाढ मिळते, पण नियम आणि शुल्क बदलत राहतात, तेव्हा फक्त सरकारी संकेतस्थळावर बघा. सिगिरियाच्या प्राचीन खडकावरच्या किल्ल्यासारख्या ठिकाणी भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत आहे, पासपोर्ट जवळ असू द्या. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला असल्यामुळे शहरात न शिरता कुरुनेगल, दंबुल्ला, हबरणमार्गे थेट पूर्वेला जाता येतं. फक्त हबरण ते कंतले हा टप्पा उजेडात पार करा, तिथे रानहत्ती रस्त्यावर येतात. परतताना आमच्या ड्रायव्हरने एका वळणावर गाडी थांबवली, दिवे बंद केले आणि समोरचा हत्ती झाडीत शिरेपर्यंत आम्ही वीस मिनिटं न बोलता बसून राहिलो.