कयाकला धरलं तरी चालतं

ट्रायथलॉनच्या आदल्या संध्याकाळी नियम समजावून सांगायला ब्रीफिंग होतं, त्याला मी दांडीच मारणार होते. नियमावली वाचून झाली होती, सायकल रॅकला लावली होती, लवकर झोपायचं होतं. मैत्रिणीने ओढत नेलं म्हणून गेले.

स्प्रिंट ट्रायथलॉन होती: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. स्विमिंग पूलमध्ये मी दीड-दोन किलोमीटर सहज पोहते, त्यामुळे धास्ती होती ती पळण्याची. पण उघड्या पाण्यात तळाशी काळी रेघ नसते, धरायला भिंत नसते आणि चहूबाजूंनी लोकांचे हातपाय येत असतात. शंभरेक मीटरवर कुणाची तरी टाच गॉगलवर बसली, नाकातोंडात पाणी गेलं आणि श्वास छातीतच अडकला. मी नुसती हवा ओढत होते, सोडतच नव्हते. ‘संपलं, आता बाद’ एवढंच डोक्यात.

तेवढ्यात ब्रीफिंगमधलं वाक्य आठवलं. कयाकला (मदतीसाठी फिरणाऱ्या छोट्या होडीला) किंवा बोयाला (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या फुग्याला) धरून हवा तेवढा वेळ थांबा, बाद होत नाही. फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. पाठीवर उलटी झाले, हात वर केला. कयाकवरचा मुलगा जेमतेम विशीचा असेल. म्हणाला, “ताई, तोंड पाण्यात घाला आणि बुडबुडे काढा. घाई नाही.” मोजून वीस वेळा बुडबुडे काढले. एकविसाव्याला छाती सैल झाली.

नंतर वाचलं, की अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रकार मिळून १३५ घटना अभ्यासकांनी तपासल्या. त्यांतल्या ९० पोहण्याच्या टप्प्यातल्या. आधी वाचलं असतं, तर डॉक्टरांनी ईसीजीबरोबर स्ट्रेस टेस्टही करायला सांगितली तेव्हा कुरकुर केली नसती. आणि सुरुवातीच्या भोंग्याआधी दहा मिनिटं पाण्यात उतरून अंग सरावू दिलं असतं. काठावर सेल्फी काढत बसले होते.

बाहेर आले ती थेट सायकलीकडे. सायकल रॅकवरून काढली, हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि चालता चालता बक्कल लावू लागले. शिट्टी! पंचबाईंनी सायकल परत रॅकला लावायला लावली. आधी हनुवटीखालचं बक्कल, मग सायकलीला हात; आणि परत आल्यावर सायकल रॅकला लागेपर्यंत बक्कल उघडायचं नाही. ओल्या, थरथरत्या बोटांनी ते लागता लागेना. तेव्हा मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण शेजारच्या ओळीत एक जण अनवाणी, ओल्या गवतावर सायकलीसकट आडवा झालेला मी स्वतः पाहिला. वेळ मोजणारी चिप डाव्या घोट्याला का बांधतात, हेही तिथेच कळलं: चेन उजवीकडे असते.

सायकलवर ड्राफ्टिंगला, म्हणजे वारा चुकवायला पुढच्याच्या आडोशाने चालवायला, बंदी होती. पुढच्यापासून १० मीटर अंतर ठेवायचं. त्या पट्ट्यात शिरलात तर २० सेकंदांत ओलांडून जायचं. ओलांडलेल्याने मागे सरायचं, ही अट मला फारच लागली, कारण ओलांडली जाणारी बहुतेक वेळा मीच. स्वतःचा वेग मोडून दुसऱ्याला वाट द्यायची म्हणजे काय! पण एकाच्या मागच्या चाकाला दुसऱ्याचं पुढचं चाक घासलं, तर पडतो तो मागचा. आमच्यासारख्या हौशी लोकांचं वळणावर काही खरं नसतं.

पळताना काही विशेष घडलं नाही. बिब, म्हणजे माझा नंबर लिहिलेला कागद, पाठीवरून पोटावर फिरवला, इअरफोनला बंदी म्हणून स्वतःच्याच धापा ऐकत राहिले. प्रत्येक टेबलावर ढसाढसा पाणी न पिता तहानेपुरतं प्यायले.

निकालाच्या तक्त्यात पोहण्याची वेळ सत्तावीस मिनिटं. मैत्रिणीने तो आकडा दोनदा वाचला. “पाण्यात काय झोपली होतीस?”

“नाही,” म्हटलं, “बुडबुडे काढत होते.”