मेलबर्नहून: रेडिओ केंद्र गावाचं कधी बनतं

मेलबर्नच्या थ्री-झेड-झेड-झेड या बहुभाषिक रेडिओवर, 92.3 एफएमवर, प्रत्येक भाषेचा वेगळा गट असतो आणि त्याचे वर्गणीदार सभासदच कार्यक्रम करतात. ही केंद्राची मर्जी नाही. केंद्र चालवण्यात आणि कार्यक्रम निवडण्यात लोकांना सामील करून घ्या, अशी अटच ऑस्ट्रेलियाच्या 1992 च्या प्रसारण कायद्यानं कम्युनिटी रेडिओला, म्हणजे लोकांनी लोकांसाठी चालवलेल्या केंद्रांना, घातली आहे. जाहिरातींना बंदी, प्रायोजकांच्या घोषणा तासाला जास्तीत जास्त 5 मिनिटं. मग वर्गणीला किंमत येते, आणि वर्गणी भरलेला माणूस हिशेब मागतो.

मराठवाड्यात केंद्र काढू पाहणाऱ्यांनी नेमकं हेच उचलावं. आपल्याकडं 2006 पासून सामाजिक संस्थांनाही अशा केंद्राचा परवाना मिळतो. निम्मे कार्यक्रम स्थानिक लागतात. 2024 च्या सुधारित नियमांनुसार सल्लागार व कार्यक्रम समितीत निम्म्या महिला हव्यात. पण समिती सहीपुरती उरली, की गावकरी नुसते मुलाखत द्यायला येतात. बिदरच्या पलीकडं, तेलंगणात झहीराबादजवळ माचनूरला, 2008 पासून संघम रेडिओ दलित शेतकरी बायका चालवतात. तो जरूर बघून यावा.

रेकॉर्डिंग अवघड नाही. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. दोन-तीन वाकळी भिंतीवर टांगा, पंखा बंद करा. माईक तोंडापासून वीतभर आणि जरा तिरपा धरा, म्हणजे 'प', 'फ', 'भ'चा फटका बसत नाही. आवाजाचं मीटर लाल पट्टीत गेलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागाहून नीट होत नाही.

खरं अवघड आहे माणसं टिकवणं. मृगात पेरणी, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे ट्रक निघतात; बीडकडं तर गावं रिकामी होतात. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाला तिघी हव्यात: एक बोलणारी, एक पॅनलवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रावर, आणि एक बदली. तिघींनीही पॅनल शिकायचं. शिवाय अर्ध्या तासाचे चार भाग कायम तयार ठेवा, त्यात तारीख, पाऊस, बाजारभाव काही नको. गेल्या महिन्याचा भाव ऐकून कुणी सोयाबीन मोंढ्यावर नेलं, तर ते घर पुन्हा रेडिओ लावत नाही.

तोडीला गेलेल्यांनाही सोडू नका. मिनिटभराचा निरोप व्हॉट्सॲपवर मागवा. फडात वारा शब्द खातो, तेव्हा कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, बसून बोलायला सांगा, आणि आधी गावाचं नाव.